चाहूल

दिल्लीच्या उत्तरेस अरवलीची डोंगररांग यमुनेजवळ येऊन संपते. तिथल्या शेवटच्या टेकडीला सारे शहर ‘रिज’ म्हणते आणि तिच्या माथ्यावर महापालिकेचे एक मोठे रुग्णालय उभे आहे. त्याचे नाव हिंदूराव. सब्जीमंडीकडून येणारा रिक्षावाला, मलकागंजचा औषधविक्रेता, विद्यापीठात शिकणारी मुले, सगळ्यांच्या तोंडी हा शब्द असतो. पण तो एका माणसाचा आहे, आणि तो माणूस मराठी होता, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

लग्न होऊन १९६८ साली कोल्हापूरहून दिल्लीला आलेल्या माईंना पहिल्याच आठवड्यात बसच्या पाटीवर हे नाव दिसले, तेव्हा परक्या गावात माहेरचे माणूस भेटावे तसे त्यांना वाटले. ते वाटणे अगदीच निराधार नव्हते. हिंदूराव घाटगे हे कागलच्या घाटगे घराण्यातले, सर्जेरावांचे चिरंजीव आणि बायजाबाई शिंद्यांचे बंधू. १८३३ मध्ये बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. पुढे हिंदूराव दिल्लीत स्थायिक झाले आणि विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाल्यानंतर त्याची टेकडीवरची हवेली त्यांनी घेतली. सदर बाजाराजवळच्या ‘बाडा हिंदूराव’ या वस्तीच्या नावातही माईंच्या कानाला आपला ‘वाडा’च ऐकू येई. दिल्लीच्या एका शाळेत त्यांनी पंचवीस वर्षे इतिहास शिकवला. पण हिंदूरावांचा विचार त्यांच्या मनात इतिहास म्हणून फारसा आला नाही. आपल्या मुलखापासून इतक्या दूर घर केलेल्या त्या माणसाच्या उशाशी रात्री कोण बसत असेल, एवढेच त्यांच्या मनात येई.

आज माई ऐंशीच्या घरात आहेत. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि काही वर्षांपूर्वी वारले. मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीत; मुलगी पुण्यात. दोघांनीही आईला आपल्याकडे नेण्याचा मनापासून आग्रह केला आणि माई दोन्हीकडे राहूनही आल्या. न्यू जर्सीतल्या सहा महिन्यांत त्यांना रस्त्यावर ओळखीचे एकही माणूस भेटले नाही. पुण्यात मुलीच्या सासूबाई होत्या, आणि दोघींच्याही मनात किल्मिष नसताना दोघींच्या चहाच्या वेळा काही जुळल्या नाहीत. मलकागंजमधले दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर मात्र त्यांच्या हाताला ओळखीचे आहे. साखरेचा डबा कोणत्या फळीवर आहे हे अंधारातही त्या हाताला कळते. म्हातारपणी स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ फार मोठा उरत नाही. मनाला येईल तेव्हा उठावे, आपला चहा आपण करावा, कंटाळा आला त्या दिवशी दहीपोह्यांवर भागवावे आणि त्याचा जाब कोणाला द्यावा लागू नये, एवढाच तो असतो. पण एवढासा अर्थ सांभाळण्यासाठीही म्हाताऱ्या माणसाला मुलांशी लढावे लागते, आणि ही लढाई अवघड अशासाठी की समोरच्याचे शस्त्र प्रेम असते.

२०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्या भारतीयांची संख्या दहा कोटींच्या पुढे गेलेली होती. त्यांच्यातल्या किती जणांच्या घरी ही लढाई चालू असेल याची गणती कोणत्याही खानेसुमारीत होत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मुलगा आला तो एक खोके घेऊन. त्यातून निघालेल्या वस्तू दिसायला अगदी क्षुल्लक होत्या. दाराच्या चौकटीवर एक आणि फळीवर एक असे दोन लहान तुकडे चिकटवायचे. एकात चुंबक असतो, दार उघडले की दोघांची ताटातूट होते आणि ती बातमी निघते. खोल्यांच्या कोपऱ्यांत काडेपेटीएवढे पांढरे सेन्सर. ते कोणाचे चित्र घेत नाहीत. माणसाच्या अंगाच्या उष्णतेमुळे जे अवरक्त किरण बाहेर पडतात, त्यांच्यातला बदल त्यांना समजतो. खोलीत कोणी हलले एवढेच ते सांगतात. कोण हलले, कशासाठी, हे त्यांना ठाऊक नसते. विजेच्या किटलीच्या प्लगपाशी एक डबी बसवलेली. किटलीने वीज घेतली की ती नोंद करणार. शिवाय गळ्यात घालायचे एक बटण. या साऱ्यांचे निरोप वाय-फायच्या राउटरपाशी गोळा व्हायचे आणि तिथून मुलाच्या व मुलीच्या फोनवर जायचे. सकाळी सात वाजेपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल नाही आणि किटली तापलेली नाही, तर दोघांनाही इशारा.

ही कल्पना नवी नाही. गळ्यातल्या बटणाची सुरुवात १९७० च्या दशकातली. अमेरिकेत अँड्र्यू डिब्नर या मानसशास्त्रज्ञाने, एकटे राहणाऱ्या वृद्धाला बटण दाबून मदत मागता यावी, अशी दूरध्वनीला जोडलेली व्यवस्था उभी केली. जपानमध्ये २००१ साली झोजिरुशी या कंपनीने चहाच्या पाण्याचे असे भांडे बाजारात आणले की म्हाताऱ्या आईने त्यातून पाणी घेतले की दूर राहणाऱ्या मुलांना निरोप जावा. ‘आई, बरी आहेस ना?’ हा प्रश्न रोज विचारणे मुलांना जड जाते आणि रोज ऐकणे आईला. त्या भांड्याने दोघांचीही सुटका केली. आईने चहा घेतला, याचाच अर्थ ती बरी आहे.

माईंनी ही सारी मांडामांड निमूटपणे होऊ दिली. मुलगा प्रत्येक वस्तू समजावून सांगत होता तेव्हा त्यांना आठवत होता तो कोल्हापूरचा माहेरचा वाडा. पहाटे सोप्यात आजोबा खाकरले की आत माजघरात कळे, म्हातारा उठला. मग काठीचा ठकठक आवाज परसाकडे जाई. रहाटाची कुरकुर, जात्याची घरघर, देवघरातली घंटा, झोपाळ्याच्या कड्या, यांवरून कोण कुठे आहे हे कोणालाही विचारावे लागत नसे. एखाद्या दिवशी काठी वेळेवर वाजली नाही, तर आजी हातातले काम टाकून सोप्यात डोकावून येई. ‘काही हवे का’ असे विचारून परत फिरे. आपण काळजीने आलो होतो, हे ती दाखवत नसे. याला मराठीत चाहूल म्हणतात. चाहूल घ्यायला डोळे लागत नाहीत, आणि ज्याची चाहूल घेतली जाते त्यालाही त्यात अवघडल्यासारखे होत नाही. कोपऱ्यातला पांढरा सेन्सर फार तर एवढेच करणार होता. ‘म्हणजे आजोबांचे खाकरणेच की हे,’ माई म्हणाल्या, आणि मुलाला हायसे वाटले.

पण वाड्यातल्या चाहुलीला एक दुसरी बाजू होती, आणि ती त्या दिवशी माईंच्याही लक्षात आली नाही. धाकटे काका रात्री तालमीतून परत येत. दारात त्यांची पायताणे वाजल्याखेरीज आजोबांना झोप लागत नसे.

पहिल्या हिवाळ्यातच या व्यवस्थेची परीक्षा झाली. जानेवारीतली धुक्याची रात्र होती. संध्याकाळी वीज गेली, राउटर बंद पडला आणि न्यू जर्सीतल्या फोनवर घर एकाएकी निःशब्द झाले. हालचाल नाही, दार नाही, किटली नाही. मुलाने फोन लावला तर माईंचा फोन उतरलेला. त्याने पुण्याला बहिणीला उठवल्यासारखे केले, बहिणीने मलकागंजला तळमजल्यावरच्या पंजाबी शेजारणीला फोन केला, आणि ती बिचारी गुडघे धरत, टॉर्च घेऊन दोन जिने चढून वर आली. माई शाल पांघरून मेणबत्तीच्या उजेडात चकल्या खात बसल्या होत्या. ‘माताजी, आप ठीक तो हैं?’ या प्रश्नावर त्यांनी चकल्यांचा डबाच पुढे केला. दोघी तासभर बोलत बसल्या. वीज आली तेव्हा सातासमुद्रांपलीकडे मुलाचा जीव भांड्यात पडला.

त्या रात्रीची गोष्ट हसण्यावारी गेली. तरी माईंच्या मनात ती दुसऱ्याच एका गोष्टीला जाऊन चिकटली. याच टेकडीच्या पायथ्याजवळ, काश्मिरी दरवाजाबाहेर, १८५७ साली तारघर होते. ११ मे रोजी शहरात उठाव झाला तेव्हा तिथल्या दोन तरुण तारबाबूंनी अंबाल्याला खबर दिली. त्या काळी हे आश्चर्यच होते. घोडेस्वाराला जिथे पोचायला दिवस लागले असते तिथे बातमी काही क्षणांत गेली. पण अंबाल्याकडून निघालेली इंग्रजी फौज बादली की सराय येथे लढून या टेकडीवर आली ती ८ जूनला, म्हणजे बरोबर चार आठवड्यांनी. मग हिंदूरावांचीच हवेली तिचे मुख्य ठाणे झाली आणि भिंतींची चाळण होईपर्यंत तिच्यावर तोफा चालल्या. वर्गात हा भाग शिकवताना माई इंग्रजांच्या बाजूने कधीच बोलल्या नव्हत्या. मात्र तारेचा हिशेब त्या दरवेळी फळ्यावर मांडत. बातमीला लागलेला वेळ एका बाजूला, माणसांना लागलेला वेळ दुसऱ्या बाजूला. गेल्या दीडशे वर्षांत पहिला आकडा शून्यावर आला आहे. दुसरा आकडा मात्र अजूनही जिना किती मजल्यांचा आहे आणि चढणाऱ्याचे गुडघे कसे आहेत यावरच अवलंबून आहे. त्या आठवड्यात माईंनी घराची एक किल्ली शेजारणीकडे नेऊन दिली. मुलाने राउटरला बॅटरी जोडली. दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या, पण त्यांतली पहिली मुलाला सुचली नव्हती.

त्या किल्लीचे मोल पुढच्या उन्हाळ्यात कळले. पहाटे सहाच्या सुमारास माई न्हाणीघरात घसरल्या. गळ्यातले बटण देवघराच्या खुंटीला होते; अंघोळीला जाताना ते काढून ठेवण्याची त्यांना सवय लागली होती, मंगळसूत्र जपावे तशी. ते पाण्याने बिघडत नाही हे मुलाने दहा वेळा सांगितले होते. डाव्या मनगटात कळ उठली आणि उठता येईना. हाक मारली तर ती पंख्यांच्या आणि नळाच्या आवाजात विरून गेली. पण न्हाणीघराच्या दारावरच्या सेन्सरने त्यांना आत जाताना टिपले होते आणि नंतर पाऊण तासात घरात दुसरीकडे कुठेही हालचाल झाली नव्हती. पुण्यात मुलीचा फोन वाजला. सातच्या आत शेजारीण किल्ली घेऊन वर आली, तिचा नातू रिक्षा घेऊन आला, आणि दुपारपर्यंत मनगटाला प्लास्टर घालून माई घरी परतल्या. न्हाणीघराच्या थंड फरशीवर पडून राहण्याचा काळ एक तासाचा असतो की एका दिवसाचा, यावर म्हाताऱ्या माणसाचे पुढचे सारे आयुष्य ठरू शकते. त्या पांढऱ्या काडेपेटीने माईंना तो दिवस वाचवून दिला, हे नाकारण्यात अर्थ नव्हता, आणि माईंनी ते कधी नाकारलेही नाही.

खरा पेच त्यानंतर उभा राहिला. मुलांना आता कॅमेरे हवे होते. दिवाणखान्यात एक, झोपण्याच्या खोलीत एक, न्हाणीघराच्या बाहेर एक. मुलगी रडली. मुलगा चिडला नाही, तो अत्यंत समजुतीने बोलला, आणि त्याचे समजुतीचे बोलणेच माईंना अधिक लागले. कारण वर्गातल्या मठ्ठ मुलाशी त्या स्वतः तसेच बोलत असत. ‘आई, तुला लपवण्यासारखे आहेच काय?’ तो म्हणाला. माईंना त्या वेळी उत्तर सुचले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचले. लपवण्यासारखे काहीच नव्हते. पण दात काढून ठेवलेला चेहरा, यजमानांच्या तसबिरीशी मोठ्याने बोलणे, दुपारी पदर बाजूला टाकून पंख्याखाली पडणे, बसल्या जागी उगीच येणारे रडू, हे सारे जगापासून लपवलेले नसते, फक्त जगासाठी नसते. पाहणारा पोटचा मुलगा असला तरी पाहिले जाणे बदलत नाही. चाहूल घेणारा दाराबाहेर थांबतो; पाळत ठेवणारा आत येऊन बसतो, आणि तो उठून कधी जाणार हे आतल्या माणसाला कळत नाही.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. आधारच्या योजनेविरुद्ध त्यांनी २०१२ साली याचिका केली तेव्हा ते ८६ वर्षांचे होते आणि निकाल लागला तेव्हा ९१ वर्षांचे. देशातल्या तरुणांना त्यांच्या फोनमधल्या गोष्टींसाठी आज जो हक्क सांगता येतो, तो नव्वदी ओलांडलेल्या एका वृद्धाने मिळवून दिला आहे. म्हातारपणी माणसाला सुरक्षितता तेवढी हवी असते, बाकी काही नको असते, असे समजणाऱ्यांनी हे वय ध्यानात ठेवण्याजोगे आहे. अर्थात न्यायालयाचा निकाल आईने मुलावर बजावायचा नसतो. घरातली गोष्ट घरातल्या रीतीनेच मिटवावी लागते.

मनगट बरे होत असताना माई सकाळी हळूहळू रिजवर जाऊ लागल्या. माकडे चुकवत, मोरांचे ओरडणे ऐकत त्या रुग्णालयाजवळच्या अशोकस्तंभापर्यंत जात आणि तिथल्या कठड्याशी टेकत. हा स्तंभ मूळचा मेरठचा. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात तो इथे आणून उभा केला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन त्याचे पाच तुकडे झाले आणि १८६७ मध्ये ते सांधून तो पुन्हा उभा करण्यात आला. फिरोजशहाने आणलेला दुसरा स्तंभ, टोपरा गावचा, कोटला फिरोजशहात आहे. अशोकाचा सातवा स्तंभलेख केवळ त्या दुसऱ्या स्तंभावर कोरलेला आहे. त्यात रस्त्यांवर लावलेल्या वडांचा आणि खोदलेल्या विहिरींचा उल्लेख आहे, आईवडिलांचे ऐकण्याचा आणि वृद्धांशी नीट वागण्याचा उपदेश आहे. आणि लोकांत धर्म वाढतो तो नियम घालून थोडा, मन वळवून अधिक, असा सम्राटाने स्वतःच्या अनुभवाचा निष्कर्षही नोंदवला आहे. माईंनी हा लेख मुलांना अनेकदा शिकवला होता. वृद्धांशी नीट वागण्याचे वाक्य आणि मन वळवण्याचे वाक्य एकाच दगडावर आहेत, हे त्यांना या टेकडीवर बसून, ज्या स्तंभावर तो लेख नाही त्याच्याकडे पाहताना, प्रथम जाणवले. मुले त्यांचे मन वळवू पाहत होती. त्यांनीही मुलांचे मन वळवायला हरकत नव्हती.

रविवारी तिघे फोनवर एकत्र आले तेव्हा माईंनी वहीतून वाचून दाखवले. कॅमेरा एकच, तो जिन्याच्या दारावर, बाहेरच्या बाजूने; येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. आत एकही नाही. न्हाणीघरात धरायला दोन दांडे आणि खाली न घसरणारी फरशी. हे खरे तर सगळ्यांत आधी व्हायला हवे होते. बटण यापुढे गळ्यातून काढणार नाही, अंघोळीतही नाही; हा त्यांचा शब्द. शेजारणीचे उपकार मानू नयेत, पण विसरूही नयेत. रोजच्या नोंदी दोन्ही मुलांनी पाहाव्यात, मात्र ‘काल रात्री दोनदा का उठलीस’ असे फोनवर विचारू नये. घरात कोणी पाहुणे असतील, किंवा उगीचच वाटले, तर सारे बंद करण्याचा खटका त्यांच्या हाती असावा. बंद करण्यापूर्वी त्या कळवतील.

‘आणि शेवटचे,’ माई म्हणाल्या. ‘मी उठले की तुम्हांला कळते. तुम्ही उठलात की मला काहीच कळत नाही.’

दोन्ही बाजूंना थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग माईंनी आजोबांची आणि धाकट्या काकांच्या पायताणांची गोष्ट सांगितली. मुलांनी ती पूर्वीही ऐकलेली होती; पण तेव्हा ती केवळ वाड्यातली एक आठवण होती.

पुढच्या फेरीत मुलाने दोन छोटे दिवे आणले, मुठीएवढे, दुधी काचेचे. त्यांत फारसे काही नव्हते. न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात सकाळी कॉफीचे यंत्र सुरू झाले की एक पिवळा पेटतो. पुण्यात मुलीने ओटा उजळला की दुसरा तांबूस होतो. तासाभराने दोन्ही आपोआप विझतात. माईंनी ते देवघराच्या फळीवर, समईच्या बाजूला मांडले. तांबूस दिवा सकाळी त्यांच्या चहाच्या आगेमागे लागतो. पिवळ्याची वेळ दिवाळीनंतरच्या दिवसांत मोठी सुरेख जुळून येते. दिल्लीत साडेपाचला दिवेलागण होते तेव्हा तिकडे सकाळचे सात वाजलेले असतात. माई समई लावून हात जोडतात आणि तेवढ्यात, कधी दोन मिनिटे पुढेमागे, तो दिवा लागतो.

डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी तो लागला नाही. सहा वाजले, सात वाजले. माईंनी खिडकी लावली, उगीच देव्हारा पुसला, वही उघडून मिटली. साडेसातला त्यांच्याने राहवेना. त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर मुलाचा झोपेने जड झालेला आवाज आला.

‘बरा आहेस ना?’

‘आई, आज रविवार आहे.’

‘अरे हो,’ माई म्हणाल्या. ‘झोप तू.’

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी किटली चालू केली. ते त्याला कळले असणार. थोड्या वेळाने देवघराच्या फळीवर पिवळा दिवा लागला.